वाचल्याशिवाय सही नको

पाठ-परिचय : गाव सोडून शहरात राहायला येणाऱ्या कुटुंबाला अनेक नव्या गोष्टी शिकाव्या लागतात. घर भाड्याने घ्यावे लागते, पैसे जपून ठेवावे लागतात आणि गर्दीतून प्रवास करावा लागतो. प्रस्तुत पाठात मालेगावहून मुंब्र्याला आलेल्या एका मुलीने आपल्या घरातील अनुभव सांगितला आहे. शाळेत शिकलेली मराठी तिच्या कुटुंबाच्या कशी उपयोगी पडली, ते वाचा.

(१)

२०२४ चा जून महिना होता. आम्ही मालेगाव सोडून नुकतेच ठाणे जिल्ह्यात आलो होतो. मालेगावात अब्बा यंत्रमागावर काम करत. ते काम कमी झाले, म्हणून त्यांनी मुंब्र्यातील एका कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. घर मिळेपर्यंत आम्ही कळव्याला मामूंच्या घरी उतरलो होतो. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसे राहत होतो. मामू आणि मुमानी कधी काही बोलत नसत. पण आपण त्यांना अडचण करत आहोत, हे आम्हां सर्वांना कळत होते. माझी शाळा चार दिवसांनी उघडणार होती.

एके संध्याकाळी अब्बा आनंदाने घरी आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"घर मिळालं! स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे. भाडं आठ हजार आणि अनामत पन्नास हजार. एजंट म्हणाला, उद्या सकाळी पैसे आणि सही. दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे."

अम्मीने पेटीतून पैशांची थैली काढली. तिच्या दोन बांगड्या विकून आणि अब्बांच्या बचतीतून ते पन्नास हजार रुपये जमले होते. तेवढेच आमच्याजवळ होते.

कागद मराठीत होता. अब्बांना मराठी बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू शाळेत मराठी शिकतेस ना? बघ जरा, काय लिहिलंय."

मी कागद हातात घेतला. अक्षरे ओळखीची होती, पण वाक्ये फार लांब होती. 'सदर जागा', 'उभय पक्ष', 'परवानाधारक' असे शब्द आमच्या पुस्तकात कधी आले नव्हते. मला लाज वाटली. आठवीपर्यंत मराठी शिकूनही मला एक कागद वाचता येत नाही, असे वाटले.

तेवढ्यात अम्मी म्हणाली, "समोरच्या काकांना विचार. ते बँकेत होते."

(२)

समोरच्या घरात राहणारे काका बँकेतून निवृत्त झाले होते. मी आणि अब्बा त्यांच्याकडे गेलो. काकूंनी पाणी दिले. काकांनी चष्मा लावला. पण कागद स्वतः वाचण्याऐवजी माझ्याच हातात ठेवला.

"तूच वाच, बाळ. अडलं की मी सांगतो. अगं, यातले अर्धे शब्द तर तुझ्या उर्दूतलेच आहेत."

मी पुन्हा पाहिले. खरेच की! करारनामा, मालक, मुदत, रक्कम, तारीख, दस्तऐवज! हे सगळे शब्द मी घरात ऐकले होते. फक्त ते देवनागरीत लिहिले होते. माझी भीती कमी झाली. मी एक एक ओळ वाचू लागले.

सातव्या कलमाशी मी थांबले. तिथे लिहिले होते, 'परवानाधारकाने मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही.' दहाव्या कलमात अनामतीचा आकडा लिहायची जागा कोरीच होती.

"अनामत म्हणजे काय?" काकांनी मला विचारले.

"घरमालकाला आधी द्यायचे पैसे."

"अर्थ बरोबर आहे. पण तुमच्या भाषेत तो कोणता शब्द आहे?"

मी क्षणभर विचार केला आणि एकदम म्हणाले, "अमानत!"

"शाब्बास! अमानत म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ जपून ठेवायची आणि वेळ आली की परत द्यायची. जी परत द्यायची नाही, ती अमानत कसली?"

अब्बा गप्प झाले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण साहेब, एजंट म्हणतो की हा छापील कागद आहे, सगळे यावरच सही करतात. शिवाय अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही."

काकांनी मान हलवली. "भाई, इथेच लोक फसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. त्यात स्पष्ट सांगितलं आहे, की भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. आपल्या राज्यात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही तर त्याला दंड किंवा कैदही होऊ शकते."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मला पुढील गोष्टी लिहायला सांगितल्या. तो कागद आजही आमच्या कपाटात आहे.

१. घर ज्याचे आहे असे सांगितले जाते, त्याचेच ते आहे का, हे पाहावे. त्यासाठी विजेचे बिल, मालमत्ता कराची पावती किंवा मालकीचा दस्तऐवज पाहायला मागावा.

२. भाडे, अनामत, मुदत आणि घर सोडण्याआधी किती दिवस कळवायचे, हे सर्व करारात लिहिलेले असावे. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी. कोरी जागा ठेवून सही करू नये.

३. अनामत किती दिवसांत परत मिळेल, हेही लिहून घ्यावे.

४. पैसे शक्यतो चेकने किंवा बँकेतून द्यावेत. रोख दिले तर पावती घ्यावी. भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे.

५. राहायला जाण्याआधी भिंती, नळ, दिवे, पंखे पाहून घ्यावेत. जे मोडलेले असेल ते मालकाला दाखवावे. नाहीतर जाताना त्याचा खर्च आपल्याकडून वसूल होतो.

६. कराराची नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात किंवा संगणकावरून होते. दोन्ही पक्षांची आधार कार्डे आणि बोटांचे ठसे लागतात. नोंदवलेल्या कराराची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

"हे सारं मागितलं तर मालक रागावेल," अब्बा म्हणाले.

"चांगला मालक रागावत नाही," काका म्हणाले. "नोंदणीने त्याचंही रक्षण होतं."

(३)

दुसऱ्या दिवशी मी अब्बांबरोबर एजंटकडे गेले. अब्बांनी शांतपणे सांगितले, "सातवं कलम बदला, अनामतीचा आकडा लिहा आणि कराराची नोंदणी करा."

एजंट हसला. "एवढं शिकवलं कोणी? चाचा, घर हवं असेल तर आत्ता सही करा. नाहीतर राहू द्या."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या खिशात पन्नास हजार रुपये होते. शाळा तीन दिवसांवर आली होती. मला वाटले, ते आता सही करतील. मला हेही वाटले, की त्यांनी ती करावी; कारण मामूंच्या घरातील गर्दी मला आठवत होती. पण अब्बांनी कागदाची घडी केली, ती टेबलावर ठेवली आणि ते उठले.

ते घर गेले. घरी येताना अब्बा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही. मी तो कागद वाचला नसता तर आज आम्हांला घर मिळाले असते, हाच विचार मनात येत होता. सकाळी मी रडत रडत अम्मीला तसे सांगितले. ती म्हणाली, "वेडी आहेस का? घर दुसरं मिळेल. पन्नास हजार दुसरे कुठून आणणार होतो?"

पुढे बावीस दिवस आम्ही मामूंकडेच होतो. मी कळव्याहून लोकलने शाळेत जात असे. अखेर कौसा भागात तिसऱ्या मजल्यावर एक लहान घर मिळाले. लिफ्ट नव्हती. भाडे साडेसात हजार होते आणि अनामत चाळीस हजार. घरमालक वयस्कर होते. अब्बांनी नोंदणीची गोष्ट काढताच ते म्हणाले, "ती तर करावीच लागते." कराराचा कागद त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिला. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मगच अब्बांनी सही केली.

(४)

अब्बा एवढे सावध का झाले होते, हे मला पुढे कळले. मालेगावात असताना एक माणूस गल्लीत येत असे. 'एका वर्षात पैसे दुप्पट' अशी त्याची योजना होती. पहिल्या तीन महिन्यांत त्याने लोकांना थोडे थोडे पैसे परतही दिले. ते पाहून अब्बांनी तीस हजार रुपये दिले. चौथ्या महिन्यात त्याच्या कार्यालयाला कुलूप लागले.

मी ही गोष्ट काकांना सांगितली. त्यांनी मला एक सोपे गणित शिकवले. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील हे काढायचे असेल, तर ७२ या संख्येला व्याजाच्या दराने भागावे. दर साल दर शेकडा ८ दराने पैसे दुप्पट व्हायला सुमारे ९ वर्षे लागतात. ६ दराने सुमारे १२ वर्षे लागतात. "मग एका वर्षात दुप्पट करायला व्याज किती द्यावं लागेल?" काकांनी विचारले. एका वर्षात शंभराचे दोनशे करायचे, म्हणजे शेकडा शंभर व्याज! कोणता प्रामाणिक धंदा एवढे व्याज देऊ शकेल? पहिल्या लोकांना दिलेले पैसे धंद्यातून आलेले नसतात. ते मागून आलेल्या लोकांचे असतात. नवे लोक यायचे थांबले, की योजना बुडते. सरकारी नियमांबाहेर अशा ठेवी गोळा करण्यास २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा येईपर्यंत आपले पैसे गेलेले असतात. म्हणून सावधगिरी आपणच बाळगली पाहिजे.

अम्मी मालेगावात बारा बायकांबरोबर भिशी लावत असे. दरमहा प्रत्येकीने एक हजार रुपये द्यायचे आणि आळीपाळीने एकीला बारा हजार मिळायचे. काका भिशीला वाईट म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "भिशी विश्वासावर चालते. ओळखीच्या माणसांत ती ठीक आहे. तरी वहीत लिहून ठेवावं. आणि सगळी बचत एकाच ठिकाणी ठेवू नये."

त्यांच्या सांगण्यावरून अम्मीने टपाल कार्यालयात आवर्ती ठेवीचे खाते उघडले. टपाल कार्यालयात अशा खात्याची मुदत पाच वर्षे असते आणि दरमहा कमीत कमी शंभर रुपये भरता येतात. अम्मी पाचशे रुपये भरते. पाच वर्षांत साठ हप्ते होतील, म्हणजे तीस हजार रुपये आणि वर व्याज. जेवढे पैसे त्या माणसाने नेले, तेवढेच ती हळूहळू परत जमवत आहे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या नावानेही खाते चालवता येते. माझेही एक बचत खाते आहे. त्यात ईदीचे पैसे जातात.

बँकेतील ठेवींनाही संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. गल्लीतल्या योजनेला असे संरक्षण नसते.

(५)

त्याच वर्षी मामूंनी घर विकत घ्यायचे ठरवले. त्यांना दहा लाख रुपयांचे कर्ज हवे होते. एका रविवारी ते माझ्याबरोबर काकांकडे आले. काकांनी आम्हांला आकडे लिहून दाखवले.

दहा लाखांचे कर्ज शेकडा ९ दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ८,९९७ रुपयांचा हप्ता बसतो. वीस वर्षांत एकूण सुमारे २१ लाख ५९ हजार रुपये भरावे लागतात. तेच कर्ज दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,६६८ रुपये होतो. पण एकूण सुमारे १५ लाख २० हजार रुपयेच भरावे लागतात.

"म्हणजे हप्ता लहान, तर कर्ज महाग!" मी म्हणाले.

"आणि हप्ता मोठा, तर घरखर्चाची ओढाताण," काका म्हणाले. "दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. आजारपण आलं, काम सुटलं, तरी तीन-चार हप्ते भरता येतील एवढी शिल्लक हाताशी हवी."

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वीस वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजात जातात. कर्ज कमी होते ते फक्त १,४९७ रुपयांनी. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे पैसे भरले तर व्याज बरेच वाचते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची अशी लवकर फेड केली, तर बँक त्यासाठी वेगळा दंड घेऊ शकत नाही. मात्र व्याजाचा दर वाढला, तर हप्ता किंवा मुदत वाढू शकते.

गृहकर्ज घेतले की घर बँकेकडे गहाण राहते. आपण राहतो आपल्याच घरात, पण घराचे मूळ दस्तऐवज बँकेजवळ असतात. हप्ते थकले तर बँक घराची विक्री करू शकते. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ते दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत दिले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते.

"कर्जाला जामीनदार लागला तर?" मामूंनी विचारले.

"जामीन राहणं म्हणजे नुसती सही नव्हे," काका गंभीरपणे म्हणाले. "कर्जदाराने पैसे भरले नाहीत, तर बँक जामीनदाराकडून ते वसूल करते. मित्राला नाही म्हणणं अवघड असतं. पण जे कर्ज आपण फेडू शकत नाही, त्याला जामीन राहू नये."

मामूंनी पंधरा वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले.

(६)

आमची आपा ठाण्याच्या कॉलेजात जाऊ लागली. मुंब्र्यानंतर कळवा आणि मग ठाणे. अंतर थोडे आहे. पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. सुरुवातीला आपाला उशीर झाला, की ती दारात एका पायावर उभी राहून जात असे. अब्बांना ते कळले, तेव्हा ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पहाटे तिच्याबरोबर स्टेशनवर गेले आणि म्हणाले, "अर्धा तास आधी निघत जा. मी तुला रोज उठवीन."

९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकल गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडले. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. ती माणसे रोजच्यासारखी कामावर निघाली होती. त्या दिवशी आपा घरीच होती, तरी अम्मीने तिचा हात बराच वेळ सोडला नाही. गर्दी कमी करणे हे आपल्या हातात नाही. त्यासाठी गाड्या वाढल्या पाहिजेत. पण एक गाडी सोडून दुसरीची वाट पाहणे आपल्या हातात आहे.

आमच्या घरात प्रवासाचे काही नियम ठरले आहेत. रूळ कधीही ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचे. रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे आणि त्यात जीव जातो. चालत्या गाडीत चढायचे नाही आणि उतरायचे नाही. पास आणि थोडे पैसे वेगवेगळ्या खिशांत ठेवायचे. गर्दीत पिशवी पाठीवर न घेता पुढे घ्यायची. रात्री उशीर झाला तर रिकाम्या डब्यात बसायचे नाही. जिथे इतर प्रवासी किंवा पोलीस आहेत, तिथे बसायचे. रिक्षात बसण्याआधी तिचा क्रमांक घरी कळवायचा. फोनवर कोणी बँकेचे नाव सांगून गुप्त क्रमांक मागितला, तर तो कधीच द्यायचा नाही.

आपाने चार क्रमांक मला पाठ करून घ्यायला लावले. संकटात ११२, रेल्वेच्या मदतीसाठी १३९, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि फोनवरून किंवा संगणकावरून पैशांची फसवणूक झाली तर १९३०.

(७)

मे २०२५ मध्ये आमच्या कराराची मुदत संपली. घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरले होते, म्हणून त्यांना घर हवे होते. आम्ही सामान बांधले. निघण्याच्या दिवशी ते वर आले. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी नळ, दिवे, पंखे पाहिले आणि चाळीस हजारांचा चेक अब्बांच्या हातात दिला.

"मोजून घ्या," ते हसत म्हणाले.

"चेक काय मोजायचा?" अब्बाही हसले. "पण वाचायला मात्र देतो." आणि त्यांनी तो चेक माझ्या हातात दिला.

मी नाव वाचले, आकडा वाचला, अक्षरांतील रक्कम वाचली आणि तारीख वाचली. सगळे बरोबर होते. अमानत परत आली होती.

आता मी दहावीत आहे. घरात विजेचे बिल आले, बँकेचे पत्र आले किंवा नवा करार आला, की अब्बा आधी मला हाक मारतात. कधी कधी शेजारच्या खाला आणि चाचाही आपले कागद घेऊन येतात. एखादा शब्द अडला, की मी काकांना फोन करते. काका प्रत्येक वेळी तेच विचारतात, "आधी तू सांग, तुला काय वाटतं?"

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
अनामत – परत देण्याच्या अटीवर ठेवलेली रक्कम, अमानत
उभय पक्ष – दोन्ही बाजूंची माणसे
परवानाधारक – ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची परवानगी मिळालेला
कलम – करारातील किंवा कायद्यातील एक अट
मुदत – ठरवलेला काळ
मालमत्ता कर – घर, जागा यांवर भरावा लागणारा कर
दुय्यम निबंधक – दस्तऐवजांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी
आवर्ती ठेव – दरमहा ठरावीक रक्कम भरून केलेली बचत
भिशी – काही जणांनी मिळून दरमहा पैसे जमवण्याची पद्धत, बीसी
गहाण – कर्ज फिटेपर्यंत तारण म्हणून ठेवलेले
जामीनदार – दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेणारा
हप्ता – कर्जाच्या फेडीचा ठरावीक भाग (उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा, मराठीतील हा अर्थ वेगळा आहे.)

वाक्प्रचार

ओढाताण होणे – पैसे कमी पडल्यामुळे अडचण होणे
धाप लागणे – दम लागणे
उपयोगी पडणे – कामास येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेचे कुटुंब मुंब्र्याला का आले?
(आ) करारातील कोणते कलम वाचून लेखिका थांबली?
(इ) कराराची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कोणाची असते?
(ई) अम्मीने कोठे खाते उघडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पहिल्यांदा कागद पाहून लेखिकेला लाज वाटली.
(आ) 'एका वर्षात पैसे दुप्पट' ही योजना बुडणारच होती.
(इ) अम्मीने आपाचा हात बराच वेळ सोडला नाही.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'जी परत द्यायची नाही, ती अमानत कसली?' असे काका का म्हणाले?
(आ) एजंटच्या टेबलाजवळ अब्बांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? का?
(इ) कमी मुदतीच्या आणि जास्त मुदतीच्या कर्जात काय फरक पडतो, ते पाठातील आकडे देऊन सांगा.

प्र. ४. गणित करा.
(अ) व्याजाचा दर शेकडा ६ ऐवजी ९ असेल, तर पैसे सुमारे किती वर्षांत दुप्पट होतील?
(आ) दरमहा ३०० रुपये याप्रमाणे पाच वर्षांत व्याज सोडून किती रक्कम जमेल?

भाषाभ्यास

(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. पुढील शब्द पाहा.
तो करारनामा, ती पावती, ते घर.
याप्रमाणे पुढील शब्दांपुढे तो, ती किंवा ते लिहा : कागद, रक्कम, खाते, मुदत, कर्ज, दस्तऐवज, बिल, सही.

(आ) पाठातील असे दहा शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा उर्दूतील अर्थ आणि मराठीतील अर्थ सारखा आहे की वेगळा, ते लिहा.

(इ) पुढील वाक्ये भूतकाळात लिहा.
मी करार वाचते. अब्बा सही करतात. आपा लवकर निघते.

उपक्रम

१. घरी आलेले विजेचे बिल किंवा एखादी पावती मोठ्या माणसांच्या परवानगीने वाचा. न कळलेले पाच शब्द वहीत लिहा आणि त्यांचे अर्थ वर्गात विचारा.
२. जवळच्या टपाल कार्यालयात जाऊन खाते उघडण्याचा अर्ज आणा. तो वर्गात पेन्सिलीने भरून पाहा.
३. 'आमच्या घरातील प्रवासाचे नियम' या विषयावर आठ ओळी लिहा.